जाळं वाळवणाऱ्या बाई

बाईंना काही विचारलं की त्या लगेच उत्तर देत नसत. कमरेच्या चंचीतून भाजलेला एक चिंचोका काढत, गालात ठेवत आणि समोरच्याकडे शांतपणे बघत राहत. चिंचोका घाईने चावता येत नाही, दात जातो. तो लाळेत भिजून मऊ व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ समोरच्याने थांबायचं, मग तो सरपंच असो, लसीची पेटी घेऊन आलेली नर्स असो, नाहीतर जीपमधून उतरलेले साहेब. कट्ट असा बारीक आवाज आला की समजायचं, आता उत्तर येणार.

मला त्यांची ही सवय पहिल्याच दिवशी आवडली, कारण मी वाढले ती जागा नेमकी उलटी होती. मी चंद्रपूरची. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मिसचं बोट आपल्याकडे वळलं की ते खाली जायच्या आत उत्तर यावं लागे. मला उत्तर यायचं, पण बोट खाली गेल्यावर. त्यामुळे शाळेतली बरीच वर्षं मी उभं राहूनच काढली.

पदवी झाल्यावर, दोन हजार सालच्या आसपास, एका संस्थेने मला आरमोरीच्या बाजूच्या काही गावांतल्या बालवाड्या बघायचं काम दिलं. बघायचं म्हणजे मुलांना कार्डं दाखवायची आणि ‘स्मरण व आकलन तक्ता’ नावाचा एक मोठा कागद भरायचा. मी ते काम घेतलं, कारण मला वाटलं होतं की लहान मुलं आणि कागद, एवढ्यांशीच बोलावं लागेल. लहान मुलं सगळ्यात सरळ डोळ्यांत बघतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाईंची बालवाडी गावाच्या तलावाकडच्या टोकाला होती. कौलांची, तिकडे कवेलू म्हणतात, एक खोली, पुढे लाकडी खांबांची सपरी म्हणजे ओसरी, पुढे अंगण. मी पोचले तेव्हा बाई गोष्ट सांगत होत्या. कोल्हा खेकडा पकडायला त्याच्या बिळात शेपूट घालतो, इथपर्यंत गोष्ट आली होती. मुलांची तोंडं उघडी होती. एका मुलाने भीतीने स्वतःचा पाठचा भाग हाताने झाकून घेतला होता. आणि नेमकं तिथेच बाई म्हणाल्या,

"चला, जाळं वाळवा."

मुलं कुरकुरली, पण उठली. अंगणात गेली आणि जमिनीवर हातपाय फाकून पसरली. कोणी उताणं, कोणी पालथं. बाजूलाच तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, गावातल्या मासेमारांची जाळी तशीच पसरलेली होती. बोलायचं नाही, हलायचं नाही. बाई त्यांच्यामधून वाकून फिरत होत्या. एखाद्याचा हात मनगटाला धरून वर उचलायच्या आणि सोडून द्यायच्या. हात धपकन पडला तर म्हणायच्या, "वाळलं." हात वरच राहिला तर, "ओलं आहे अजून. राहू दे."

मी सपरीतल्या उजव्या हाताच्या दुसऱ्या खांबाला टेकून बसले आणि वहीत लिहिलं, ‘शिक्षिका ऐन गोष्टीत मुलांना झोपवतात.’

दुपारी मी भीत भीत त्यांना कारण विचारलं. चिंचोका गालात गेला. मी थांबले. कट्ट.

"माहा बाप जाळं टाकत होता. सुती जाळं. चार खेपा झाल्या का ते पाण्यानं जड होते. मंग फेकलं त उघडतच नाई, गोळा होऊन पडते. मासोळी हासते. म्हणून तो पाळीवर वाळत घालत होता. लोक म्हणत, काय आळशी मानूस आहे गा. पन संध्याकाळी टोपली त्याचीच भरे."

"पण मग गोष्ट संपल्यावर सोडायचं ना मुलांना? मध्येच का?"

"काऊन? पोट भरल्यावर उठलेला मानूस पुन्हा ताटावर येते का? शेपूट बिळात आहे तवाच उठवते मी. पाह्य न, कोनी घरी पळाला का?"

कोणी पळालं नव्हतं. शिवाय परत बसल्यावर बाईंनी कपाळावर हात मारून विचारलं होतं, "कुठी होतो व आपन? मी त विसरलीच." आणि साऱ्या मुलांनी एकदम ओरडून कोल्ह्याची शेपूट बिळात घातली होती. हे विसरणं नाटक आहे असं मला वाटलं. पुढे कळलं, निम्मं नाटक आणि निम्मं खरं होतं.

गावातले मासेमार बाईंची टर उडवायचे. "बाई, आता नायलॉनचं जाळं आलं. वाळवाचं काय काम?"

बाई जाता जाता म्हणायच्या, "पोट्ट्याइचं डोस्कं नाई आलं अजून नायलॉनचं. आलं का सांगजो मले."

बाईंच्या लक्षात नावं राहत नसत. मुलांची नाहीत, मुलांच्या आयांची नाहीत, संस्थेचं तर नाहीच. पण कोण कुठे राहतं हे त्या कधी विसरत नसत. म्हणून त्या माणसांना जागेने हाक मारायच्या. चिंचेखालची, पंपाजवळचा, मंदिरामागचे दोघं. तलावाच्या पाळीला लागून घर असलेली एक मुलगी होती, मासेमाराची, चार-साडेचार वर्षांची. ती पाळीवरची. ही पाळीवरची खोलीत एक अक्षर बोलत नसे. अंगणात गेली की मैनेसारखी. बाईंनी तिला खोलीत बोल म्हणून कधी टोकलं नाही. मला मात्र गावात जागा नव्हती. म्हणून मी माझ्या शाळेवरून ‘कान्व्हेंट’.

"कान्व्हेंट, चहा घेतली का?"

"कान्व्हेंट, तुह्या त्या कागदाले भूक लागली काय? सारखी भरवत राह्यते त्याले."

मी हसत असे, पण काही बोलत नसे. बाई त्याचंही काही वाटून घेत नसत. एकदा त्यांनी न विचारता माझ्या हातावर एक चिंचोका ठेवला. "ठेव गालात. बोलाचं नसलं का कामी येते. लोकाइले वाटते, आता बोलन, मंग बोलन."

त्या स्वतः सातवी शिकलेल्या होत्या आणि पहिलीत तीन वर्षं होत्या. हे त्या अभिमानाने सांगायच्या. "तिसऱ्या वरसी मले शाळेचे सारे कवेलू पाठ होते. कोनता फुटला, कोन्त्यातून पानी पडते, कोन्त्याखाली चिमनीचं घर. गुरुजी फळ्यावर काढत ते काई राह्यत नव्हतं. मंग माह्या मनात आलं, कवेलू राह्यते त अक्षर काऊन राह्यत नाई? त मी एकएक अक्षर एकएका कवेलूखाली ठेवून पाह्यलं. राह्यलं!"

म्हणून त्यांच्या बालवाडीत अक्षरं गावभर राहत. ग पिठाच्या गिरणीवर. प हातपंपावर. च चिंचेखाली. झ जिथे झिंगे वाळत घालतात त्या खडकावर, आणि त्याला वास येतो म्हणून नाक दाबून म्हणायचं. जागा मुलं ठरवायची, त्यावर भांडणंही व्हायची. ळ कुठल्याच शब्दात पहिला येत नाही हे कळल्यावर मुलांना त्याची दया आली होती. त्याला बस थांब्यावर बसवला होता, म्हणजे आलेल्या बसमधून तरी कोणी त्याचं उतरेल.

शिकवलेलं त्या त्याच दिवशी कधी विचारत नसत. "आज ठेवलं. उद्या आहे का पाहू." दुसऱ्या दिवशी वरात निघायची. गिरणीपाशी थांबायचं. "कोन राह्यते व इथी?" एखाद्या मुलाला आठवायचं नाही. मग मला माझी शाळा आठवायची. पण बाई म्हणायच्या, "गेला का फिरायले? जाऊ दे. येईन. तोवर पुढं चाल." आणि खरंच, चिंचेपर्यंत पोचता पोचता ते मूल मागे वळून ओरडायचं, "ग! ग!" बाई गिरणीकडे हात करून म्हणायच्या, "आला का रे? कुठी गेल्ता?"

मी हे सगळं लिहीत होते, पण माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

एकदा तलावाच्या पाळीवर मुलं पसरली असताना बाईंनी मला विचारलं, "तुले इंग्रजी कविता येत असन न? सांग एखांदी."

मी दुसरीत पाठ केलेली एक सांगितली. एका दमात, चालीवर, हात मागे बांधून. त्या वयातही माझे हात आपोआप मागे गेले याची मला लाज वाटली. बाईंनी कौतुकाने मान हलवली.

"आता मधातून सांग."

"म्हणजे?"

"मधातून. कुठूनई."

मी प्रयत्न केला. मला सांगता येईना. पहिल्यापासून मनात घोळवत आले तर त्या ओळीपर्यंत पोचत होते. पण सरळ मधल्या ओळीवर पाय ठेवता येत नव्हता. बाई बघत होत्या, पण मिसच्या बोटासारख्या नाही.

"हे तुले येते म्हणू नोको," त्या म्हणाल्या. "हे रांग आहे. रेशनची. समोरचा हलला का मागचा हलते. एखांदा गेला चाय प्याले, का झाली गडबड."

मला राग आला. मग बराच वेळ मी त्या कवितेत कुठून शिरता येतं ते बघत बसले. शाळेत मी उभी का राहायचे, हे मला वाटतं त्या पाळीवर पहिल्यांदा थोडं कळलं. मला येत नव्हतं असं नाही. माझ्या रांगेतला पहिला माणूस जागेवर नसायचा.

आषाढ संपता संपता संस्थेने ठरवलं की जवळजवळच्या दोन गावांत मिळून एकच बालवाडी ठेवायची. बाईंच्या बालवाडीची जोडी नाल्यापलीकडच्या गावाशी लावली होती. दोन्हींपैकी कुठली ठेवायची ते तक्त्यावरून ठरणार होतं. पलीकडची मुलं कार्डं बघून पटापट सांगत. माझ्याच हाताने मी तसं लिहिलं होतं.

गावात ही बातमी आली तेव्हा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला होता. रोवण्यात घरात बाईमाणूस राहत नाही. सकाळी सगळ्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात उतरतात त्या अंधार पडेपर्यंत वाकलेल्याच. तीन-चार वर्षांची लेकरं पावसाळ्यात नाला ओलांडून जाणार नव्हती. म्हणजे ती घरी राहणार, आणि घरामागे भरलेला तलाव. आदल्याच पावसाळ्यात, बालवाडीला सुट्टी असताना, मंदिरामागच्यांचं एक लेकरू पाळीवरून घसरलं होतं. एका म्हाताऱ्याने बघितलं म्हणून वाचलं.

पाळीवरचीची आई चिखलाच्या पायांनी सपरीपर्यंत आली. बाईंशी न बोलता माझ्याशी बोलली. "मॅडम, तुमच्या कागदावर लिहा न काईतरी. आमी बांधीत असतो, अन् जीव इथी राह्यते."

मी मान हलवली.

शेवटची तपासणी करायला संस्थेचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. मुलांसाठी बिस्किटं घेऊन आला होता. खोलीत खुर्चीवर बसून त्याने पहिलं कार्ड धरलं. तपासणी चालू असताना शिक्षिकेने बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून बाई दारात उभ्या.

"सांग बेटा, हे काय आहे?"

कार्डावर ग होता. समोर पाळीवरची. तिने कार्डाकडे पाहिलं आणि मग मान उजवीकडे वळवून भिंतीकडे बघत राहिली. गप्प.

"शून्य," साहेब म्हणाले. मी लिहिलं.

पुढचं कार्ड प. तीन मुलं, तिघांच्याही माना डावीकडे वळल्या. शून्य. च. माना दाराकडे. शून्य. झ. एकाने नाक दाबलं. साहेबांना वाटलं, सर्दी आहे.

माझं पेन थांबलं. मुलं कुठे बघत होती ते मला दिसत होतं. भिंतीपलीकडे उजवीकडे गिरणी होती, डावीकडे पंप. त्यांना सगळं येत होतं. ती जाऊन परत येत होती, पण अक्षर तिथेच ठेवून. बाईंनाही हे दिसत होतं, आणि त्यांना बोलायची बंदी होती. बोलू शकणारी मी एकटीच होते. मी अजून दोन कार्डं जाऊ दिली. त्या दोन कार्डांचं मला आजही वाईट वाटतं.

"सर," मी म्हणाले. "गिरणी."

"काय?"

"ग गिरणीवर राहतो, सर. बाहेर विचारा. प्लीज."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. पण ते उठले. बारीक पाऊस होता. मुलं पुढे पळत, साहेब छत्री धरून मागे. गिरणीपाशी पाळीवरचीने दोन्ही हात वर करून सांगितलं, "ग!" पंपापाशी तिघं एकदम. खडकापाशी सगळ्यांनी नाकं दाबली, साहेबांनीही दाबलं. बस थांब्यावर ळची करुण कहाणी त्यांना पूर्ण ऐकावी लागली.

परत येताना ते म्हणाले, "मॅडम, मानलं. पण एक सांगा. ही मुलं पुढे पहिलीत जातील. गुरुजी फळ्यावर ग काढतील. तेव्हा ही काय गिरणीवर पळत जाणार? आणि गिरणी बंद पडली तर?"

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी चिंचोका गालात ठेवला. गिरणीमागच्या बांध्यांमध्ये बाया वाकून रोवणी करत होत्या. एका कोपऱ्यात दाट उगवलेलं कोवळं धान, त्याला तिकडे परे म्हणतात, उपटून त्याच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. बाई त्या जुड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. एवढा वेळ की साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. कट्ट.

"तुमचं बरोबर आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

मी चमकले. मला वाटलं होतं, त्या भांडतील.

"मी परे टाकले. हिरवेगार झाले. पाहून पाहून खुश होऊन राह्यली. एका जागी राह्यले त परे पिवळे पडते, लोंबी धरत नाई, हे मले लहानपनापासून मालूम. अन् माहा रोवनाच राह्यला." मग त्या साहेबांना म्हणाल्या, "गावाचा रोवना उरकेपर्यंत थांबा. तवा माहाई उरकन."

साहेबांनी माझ्या हातातला तक्ता घेतला, शून्यांवर एक तिरकी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘पुन्हा.’

जीप गेल्यावर बाई सपरीत बसल्या. चंचीकडे हात गेला नाही.

"कान्व्हेंट, पहिलीचे गुरुजी दरसाल म्हणते, बाई, तुमचे पोट्टे खिडकीच्या बाहीर पाह्यतात. मी हासत होती. म्हने, पाहू द्या न, हवा खाते." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "ते हवा नोहोते खात. ते शोधत होते."

त्या दिवशी मी शेवटची बस सोडली आणि त्यांच्याकडेच राहिले. वहीचं एक पान फाडून आम्ही अक्षरांची यादी केली.

दुसऱ्या दिवशी अक्षरांचा रोवणा सुरू झाला. मुलांनी पंपापाशी जायचं, ओणवं होऊन प मुळासकट उपटायचा, मुठीत घट्ट धरून खोलीत आणायचा आणि जमिनीवर ठरलेल्या जागी रोवायचा, आयांसारखं मागे मागे सरकत. उपटताना जोर लागायला हवा. ज्याला जोर लागला नाही त्याला बाई परत पाठवायच्या. "मूळ तिथीच राह्यलं तुहं." दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं खोलीतून उपटून मंदिराच्या पायरीवर. मग पाळीवरचीच्या अंगणात. मग परत खोलीत, पण दुसऱ्या भिंतीला. एक दिवस बाई म्हणाल्या, "आता कान्व्हेंटच्या वहीत रोवा." आणि चिखलाची बोटं माझ्या वहीवर एकएक अक्षर दाबून गेली. संस्थेची वही होती. मला आतून फार बरं वाटलं, हे कुणाला दिसू नये म्हणून मी वही तोंडासमोर धरली.

प्रत्येक हलवण्यात काही अक्षरं मरायची. कालपर्यंत पंपावर ओळखलेला प खोलीत ओळखता यायचा नाही. मी घाबरायचे. बाई म्हणायच्या, "बांधीतबी मरते. मेल्या जागी पुन्हा लावाचं." आणि दर थोड्या वेळाने, अगदी रंगात आलं असताना, जाळं वाळवणं होतंच. मी एकदा म्हटलं, बाई, दिवस कमी आहेत, आता नको. त्यांनी माझंच मनगट धरून हात वर उचलला आणि सोडला. हात वरच राहिला.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. "लेट तिकडे."

मी लेटले. मुलांच्या मध्ये, अंगणातल्या ओलसर मातीत, सलवार-कमीजमध्ये. मुलं खिदळली आणि मग गप्प झाली. वर ढग जात होते. कुणी काही विचारत नाही असा वेळ मला किती तरी वर्षांत मिळाला नव्हता.

साहेब परत आले तेव्हा गावातले पाय कोरडे झाले होते आणि बांध्या हिरव्या होत्या. पाऊस मात्र त्या दिवशी जोराचा होता, बाहेर जाणं शक्यच नव्हतं. पाळीवरचीची आई आणि अजून चार-पाच बाया सपरीत येऊन बसल्या होत्या. कवेलूंवर एवढा आवाज की साहेबांना मोठ्याने बोलावं लागत होतं. मुलं दबली. पहिलं कार्ड, उत्तर नाही. दुसरं कार्ड, नाही. माना वळल्या नाहीत, पण तोंडंही उघडली नाहीत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाई दारात, नियमाप्रमाणे गप्प.

या वेळी मी अजून दोन कार्डं जाऊ दिली नाहीत.

"सर, जाळं वाळू द्या थोडं."

"किती वेळ लागेल?"

दारातून बाई म्हणाल्या, "चिंचोका फुटेपर्यंत." आणि नियम मोडला म्हणून स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मुलं खोलीतच पसरली. एवढ्याशा खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेब जिथे उभे होते तिथेच बूट जुळवून अडकले. त्यांच्या बुटांशेजारी पाळीवरचीचा हात होता. पावसाचा आवाज तेवढा. एक थेंब कवेलूतून साहेबांच्या खांद्यावर पडत होता, तरी ते हलले नाहीत. बाई वाकून आल्या, पाळीवरचीचा हात उचलला आणि सोडला. तो सैल पडला.

"वाळलं."

मग साहेबांनी उकिडवं बसून तिच्यासमोर कार्ड धरलं. ग. पाळीवरचीने कार्डाकडे पाहिलं. मान वळली नाही. तिची मूठ आवळली, मग हळूच उघडली.

"ग," ती म्हणाली. त्या खोलीतलं तिचं पहिलं अक्षर. मग न विचारता तिने साहेबांना सांगितलं, "गिरनीतून आनला मी. लय जड होता."

सपरीत तिच्या आईने पदर तोंडाला लावला.

सगळ्यांना सगळं आलं नाही. पंपाजवळच्याला च आठवला नाही. तो जराही न घाबरता साहेबांना म्हणाला, "फिरायले गेला. येईन." साहेब हसले, पुढच्या मुलाकडे वळले, आणि तेवढ्यात मागून तो ओरडला, "आला! च!"

शेवटी साहेबांनी तक्ता मिटला. "मुलांचं झालं. पण तक्त्यापेक्षा मला तुमचं ऐकायचं आहे. तुम्ही इथे सारख्या येता. ही बालवाडी राहावी का, मॅडम? का?"

मी याची तयारी केली होती. सहा-सात चांगली वाक्यं, क्रमाने, पाठ. मी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य जागेवर नव्हतं. हात मागे गेले. सपरीतून सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मला मिसचं बोट दिसायला लागलं, आणि मला माहीत होतं की आता ते खाली जाईल, आणि या वेळी उभी राहणारी मी एकटी नसेन.

बाई जवळ आल्या. माझा मागचा हात पुढे ओढून त्यावर एक चिंचोका ठेवला आणि परत दारात जाऊन उभ्या राहिल्या.

मी तो गालात ठेवला. साहेब थांबले. पाऊस पडत होता. पहिलं वाक्य फिरायला गेलं होतं, मी त्याला बोलावलं नाही. मी मधूनच सुरू केलं.

"आधी ती भिंतीकडे बघत होती, सर," मी म्हणाले. "आज तुमच्याकडे बघितलं तिने." आणि मग पुढचं आलं, मागचंही आलं. बाईंची चूक सांगितली, त्यांनी ती ज्या दिवशी मान्य केली तो दिवस सांगितला, नाला सांगितला, तलाव सांगितला. मी किती वेळ बोलले मला माहीत नाही. साहेब लिहून घेत होते. मी थांबले तेव्हा चिंचोका कधी फुटला ते मला कळलंच नव्हतं.

बालवाडी राहिली. पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिलीच्या गुरुजींनी निरोप पाठवला की बाईंची मुलं आता खिडकीबाहेर कमी बघतात. बाईंनी उलटा निरोप पाठवला, "कमी नोको. फळ्याच्या बरोबरीनं पाहू द्या."

मी ते काम सोडून दुसरीकडे गेले. सात-आठ वर्षांनी एटापल्लीहून परत येताना मधल्या फाट्यावर उतरले आणि त्या गावात गेले. गिरणी खरंच बंद पडली होती. बालवाडीत एक तरुण बाई शिकवत होती. आमच्या बाई सपरीबाहेर उन्हात खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"नाव नाई आठवत व तुहं. थांब, सांगू नोको."

त्यांनी चंचीतून चिंचोका काढला. दात उरले नव्हते, म्हणून फार वेळ लागला. मी थांबले.

"उजव्या हाताचा दुसरा खांब," त्या म्हणाल्या. "तिथी बसत होती तू. पाठ टेकून. बोलत नोहोती."

"हो."

"मंग बोलली."

"हो, बाई."

त्या समाधानाने मागे टेकल्या. आतून त्या तरुण बाईचा आवाज आला, "चला, जाळं वाळवा!" आणि मुलं कुरकुरत आमच्यासमोरून अंगणात येऊन पसरली. बाईंनीही डोळे मिटले. मी खाटेवर त्यांच्या बाजूला बसले. मग हळूच त्यांचं मनगट धरून हात वर उचलला आणि सोडला.

हात मांडीवर सैल पडला. मिटल्या डोळ्यांनीच बाई हसल्या.

"वाळलं," मी म्हणाले.